बिनखाडा : विहिरींच्या नोंदींना बॅज जोडण्याचे एक प्रकरण

मराठवाड्यातील काही गावांत विहिरींची पाणीपातळी गावकऱ्यांनी स्वतः मोजावी आणि ती एका वेब ॲप्लिकेशनमध्ये नोंदवावी, असे काम आमचा एक लहान गट करतो. त्या ॲप्लिकेशनमध्ये आम्ही बॅजची, म्हणजे ठरावीक काम पूर्ण केल्यावर पडद्यावर मिळणाऱ्या मानचिन्हांची, व्यवस्था आणली, ती वर्षभरात मोडीत काढली आणि पुन्हा नव्याने उभी केली. आमची चूक नेमकी कुठे झाली आणि ती दुरुस्त करताना काय काय बदलावे लागले, ते येथे सविस्तर मांडत आहे. गावांची आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी मोजणीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा गुंता तिच्याशीच जोडलेला आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची विहीर कोरडी पडते. राज्याची भूजल यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यावरून तालुक्याचा अंदाज येतो, पण यंदा हरभऱ्याला दोन पाणी मिळतील की एकच, याचे उत्तर गावाला आपल्याच विहिरींच्या नोंदींतून शोधावे लागते. मोजणीची रीत साधी आहे. विहिरीच्या काठावर रंगाने एक कायमची खूण करायची, टेपच्या टोकाला वजन बांधायचे आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहायचे. जुनी माणसे अजूनही विहिरीची खोली ‘परस’ या माणसाच्या उंचीवरून ठरलेल्या जुन्या मापात सांगतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ‘३’ अशी नोंद आली की ती तीन मीटरची आहे की तीन परसांची, हे फोन करून विचारावे लागे. याहून महत्त्वाची एक अट आहे. मोटार बंद होऊन पुरेसा वेळ गेलेला असावा, म्हणजे उपशामुळे खाली गेलेले पाणी आपल्या जागी परत आलेले असेल. आपल्या खडकात हे पाणी सावकाश भरते. म्हणून रात्रभर मोटार बंद असेल, तर पहाटेची मोजणी सर्वांत भरवशाची.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या आठवणीमुळे असेल, पण उन्हाळ्यात विहिरीत डोकावण्याची ओढ आमच्या गावांत भरपूर आहे. अडचण आहे ती पावसाळ्यानंतरची. विहीर तुडुंब भरली की मोजायचे कशाला, असे प्रत्येकाला वाटते आणि ऑक्टोबर ते जानेवारी या काळातल्या नोंदी जवळजवळ थांबतात. वास्तविक पाणी किती वेगाने उतरते आहे हे याच महिन्यांत कळते आणि उन्हाळ्याचे नियोजनही याच आकड्यांवर होऊ शकते. ही पोकळी भरून काढण्यासाठी बॅज द्यावेत, अशी सूचना बैठकीत आली आणि ती सर्वांना आवडली. एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर २००५ पासून खेळाडूंना ‘अचिव्हमेंट’ मिळत आल्या आहेत, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये सुरुवातीपासूनच कांस्य, रौप्य आणि सुवर्ण बॅज दिले. मग आपण का देऊ नयेत, एवढाच विचार आम्ही तेव्हा केला.

पहिल्या रचनेत चार बॅज होते. पहिल्या नोंदीला ‘पहिली मोजणी’, शंभराव्या नोंदीला ‘शतक’, सलग तीस दिवस नोंद करणाऱ्याला ‘बिनखाडा’ आणि महिन्यात सर्वाधिक नोंदी करणाऱ्याला ‘तालुक्यात पहिला’. ‘बिनखाडा’ हे नाव गावातूनच आले. मजुरीच्या हजेरीत जो दिवस चुकतो तो खाडा, त्यामुळे शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. बॅज देण्याचा कोड आम्ही नोंद साठवणाऱ्या फंक्शनच्या शेवटी तसाच लिहून टाकला. नोंद साठवली की त्या व्यक्तीच्या सर्व नोंदी मोजायच्या, अटी तपासायच्या आणि बसत असेल तो बॅज द्यायचा. दोन दिवसांत काम झाले.

तांत्रिक दोष लगेच दिसू लागले. रेंज कमी असलेल्या शिवारात माणूस ‘जतन करा’ हे बटण दोनदा दाबतो. दोन्ही विनंत्या सर्व्हरवर जवळजवळ एकाच क्षणी पोहोचत, दोन्ही वेळा ‘बॅज अजून मिळालेला नाही’ असेच उत्तर येई आणि एकच बॅज दोनदा दिला जाई. जुन्या नोंदींना बॅज लागू करण्यासाठी आम्ही एका रात्री स्क्रिप्ट चालवली, तेव्हा जुन्या सदस्यांच्या फोनवर अभिनंदनाचे संदेश एकामागून एक वाजत राहिले. व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी बॅजचे चित्र सर्व्हरवर तयार होत असे. चित्र काढणाऱ्या लायब्ररीत देवनागरी अक्षरे जुळवणारा हार्फबझसारखा भाग जोडलेला नसल्याने पहिली वेलांटी ‘व’च्या आधी यायची ती त्याच्या नंतर काढली जाई आणि ‘विहीर’ हा शब्द ‘वहीर’ला भलतीकडे वेलांटी दिल्यासारखा दिसे. ज्याच्या कष्टाचा सन्मान म्हणून ते चित्र पाठवायचे, त्याच्या भाषेतला पहिलाच शब्द त्यात मोडलेला असावा, याचे आम्हा सर्वांना फार वाईट वाटले. हे दोष मात्र दुरुस्त होण्यासारखे होते आणि ते झाले. खरा बिघाड आकड्यांत होता.

नोंदी वाढल्या, अगदी झपाट्याने वाढल्या, आणि दोन महिने आम्ही त्या वाढीचा आलेख आनंदाने पाहत राहिलो. मग रब्बीच्या आढाव्यासाठी एका गावाच्या नोंदी काढल्या असता एका विहिरीची पातळी सलग एकोणीस दिवस ७.५० मीटर लिहिलेली आढळली. हरभऱ्याला पाणी देण्याचे ते दिवस होते. चालू विहिरीची पातळी तेव्हा एकोणीस दिवस सेंटिमीटरनेही न हलणे शक्य नव्हते. नोंदींच्या वेळा पाहिल्या तर त्या बहुतेक रात्री दहा ते अकराच्या दरम्यानच्या. थंडीच्या रात्री त्या वेळी टेप घेऊन विहिरीच्या काठावर कोणी जात नाही. शोध घेतला तेव्हा अशा आणखी विहिरी सापडल्या. कुठे आकडा पूर्ण किंवा अर्ध्या मीटरवरच येऊन थांबत होता, कुठे रोज ठरावीक दहा सेंटिमीटरने उतरत होता.

७.५० लिहिणारा मुलगा लबाड नव्हता, हे मला येथे स्पष्टपणे नोंदवायचे आहे. बॅज येण्याआधी तो जवळजवळ वर्षभर आठवड्यातून एकदा, कोणीही न सांगता, नेमाने मोजत होता आणि त्याच्या त्या काळातल्या नोंदी आमच्याकडच्या उत्तम नोंदींपैकी आहेत. त्याला भेटलो तेव्हा त्याने काहीही लपवले नाही. “सर, परीक्षेमुळं चार दिवस मळ्याकडं जाणं झालं नाही. एवढे दिवस झालेले, मग खाडा कशाला पाडायचा म्हणून अंदाजानं लिहिलं. नंतर तसंच लिहायलो,” असे तो म्हणाला. तीस दिवस पूर्ण होऊन ‘बिनखाडा’ मिळाल्यावर त्याच्या नोंदी बंदच पडल्या होत्या. जे काम तो आधी आपलेपणाने करत होता, ते आम्ही त्याच्या हातून काढून घेतले होते.

हे वाचून मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग अनेकांना आठवेल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतली मुले घेतली होती. काहींना ‘चित्र काढलेस तर सोनेरी मोहोर आणि फीत लावलेले प्रमाणपत्र देऊ’ असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. नंतर मोकळ्या वेळेत पाहिले असता, बक्षीस आधी ठरवून दिलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झालेली नव्हती. सोनेरी मोहोर आणि फीत लावलेले ते प्रमाणपत्र म्हणजे बॅजच. स्टॅक ओव्हरफ्लोच्या सदस्यांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, बॅजची मर्यादा जवळ येते तसा माणसाचा उत्साह चढतो आणि बॅज मिळाल्यावर तो उतरतो, असे दिसून आले. आमच्या आलेखातही २५ व्या ते ३० व्या दिवसापर्यंत चढण आणि ३१ व्या दिवशी कडा, असेच चित्र होते. हे दोन्ही अभ्यास आम्ही कोड लिहिण्याआधी वाचायला हवे होते.

दुसरी गोष्ट एका काकांमुळे कळली. परभणी जिल्ह्यातले हे काका साठीच्या पुढचे. मोजणीची शिस्त अशी की टेप पुसून पुन्हा सोडतात आणि दोन्ही आकडे जुळले तरच लिहितात. त्यांचा फोन आला तो तक्रारीचा. “म्या रोज पाटं मोजायलो अन् तुमचं मशीन म्हणायलंय खाडा पडला. कसा काय पडला?” त्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. सोमवारी पहाटे ५ वाजून ४५ मिनिटे, मंगळवारी ५ वाजून १० मिनिटे, बुधवारी ५ वाजून ४० मिनिटे. एकही दिवस चुकलेला नव्हता. परंतु आमचा सर्व्हर दिवस मोजत होता तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार, जी आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. म्हणजे त्याच्या लेखी आपला दिवस पहाटे साडेपाचला बदलत होता. मंगळवारची ५.१० ची नोंद त्याच्या हिशेबात सोमवारी रात्री ११.४० ची ठरली, सोमवारच्या खात्यात दोन नोंदी जमा झाल्या आणि मंगळवार रिकामा राहिला. काकांची वेळ पुढेमागे होण्याचे कारण शेतीची थ्री फेज लाइट होती. ती यायच्या आत, मोटार सुरू होण्यापूर्वी ते विहिरीवर पोहोचत. म्हणजे जो माणूस शास्त्रशुद्ध वेळी मोजत होता त्याची सलग दिवसांची साखळी आमचे ॲप्लिकेशन तोडत होते आणि रात्री अंथरुणात बसून ७.५० लिहिणाऱ्याला बॅज देत होते. त्या दिवशी आम्ही चारही बॅज देणे थांबवले.

थांबवल्यानंतर गावोगाव बसून बोललो, तेव्हा तिसरी बाब समोर आली आणि तिने पुढची सगळी रचना बदलली. आमच्या गावांपैकी काही बीड जिल्ह्यातली आहेत. दिवाळीच्या आगेमागे तिथली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. आम्हाला नेमक्या ज्या महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या, त्याच महिन्यांत ही माणसे कारखान्याच्या फडात असतात. त्यांच्या विहिरीची मोजणी मागे राहिलेली आजी किंवा शाळेत जाणारी नात करत होती, पण फोन आणि खाते गेले होते बापाबरोबर. त्यामुळे कधी शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद होई आणि ती शेजाऱ्याच्या नावावर चढे, कधी वहीत लिहून ठेवलेले आकडे उन्हाळ्यात एकदम भरले जात. जी कुटुंबे गावातच असत तिथेही बाई मोजत असे आणि बॅजवर नाव नवऱ्याचे येत असे. आम्ही बॅज दिला तो फोनच्या मालकाला.

यातून बॅज विहिरीचा असावा, हा विचार पुढे आला. विहीर जागा सोडून जात नाही. तिची नोंद कोणीही केली तरी ती तिच्याच नावावर जमा होते, आणि बॅजखाली मोजणाऱ्या सर्वांची नावे येतात, आजीचे आणि नातीचेसुद्धा. एका फोनवरून अनेकांना नोंद करता यावी म्हणून ‘आज कोणी मोजले?’ असा एकच प्रश्न नोंदीच्या अर्जात वाढवला. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, आणि त्याला कोडच्या जेमतेम शंभर ओळी लागल्या.

दुसरा बदल कालमापनाचा. रोज मोजण्याची गरज मुळातच नव्हती. ती आम्ही केवळ साखळीसाठी निर्माण केली होती. भूजलाची चाल समजायला आठवड्याची एक चांगली मोजणी पुरते, आणि गावाचा आठवडा आठवडी बाजारावर चालतो. म्हणून प्रत्येक गावासाठी त्याच्या बाजाराचा वार हाच आठवड्याचा शेवटचा दिवस ठरवला. नवा ‘बिनखाडा’ तेरा आठवड्यांचा आहे आणि त्यात दोन खाडे माफ आहेत. ते का पडले, याचे कारण विचारले जात नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये सदस्यांच्या पानावरून सलग दिवसांची मोजदाद काढून टाकली होती. आम्हीही चालू साखळीचा आकडा दाखवणे बंद केले आहे. ‘तालुक्यात पहिला’ हा बॅज परत आणला नाही, कारण दोन विहिरींच्या नोंदसंख्येची तुलना करून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही.

नव्या बॅजपैकी दोन विशेष सांगण्यासारखे आहेत. ‘जोडमोजणी’ हा बॅज एकाच विहिरीची दोन व्यक्तींनी एकाच दिवशी वेगवेगळी मोजणी केली आणि दोन्हींतला फरक पाच सेंटिमीटरच्या आत आला तर मिळतो. पहिल्याची नोंद दुसऱ्याला त्या दिवशी दिसत नाही. दुसरा आहे ‘तळाची नोंद’. पूर्वी विहीर आटली की लोक लिहिणे सोडून देत. अर्जात आकडा सक्तीचा होता आणि ‘०’ लिहावे तर काठोकाठ भरलेली की कोरडी, हे समजत नसे. आता ‘कोरडी’ असे वेगळे बटण आहे, आणि विहीर आटल्यावरही जो ती नोंद करत राहतो, त्याच्या विहिरीला पावसाळा सुरू झाल्यावर हा बॅज मिळतो. तो कोणालाही आधी जाहीर केलेला नाही. बाकी बॅज मिळाल्यावर पडद्यावर थोडी सजावट दिसते. या बॅजला ती नाही. विहीर आटल्याची नोंद करणाऱ्याच्या फोनवर फुलबाज्या उडू नयेत, याबद्दल आमच्यात दुमत नव्हते.

कोडची मांडणीही नव्याने केली. नोंद साठवणे आणि बॅज देणे ही दोन कामे वेगळी केली: नोंद झाली की तिची घटना एका रांगेत जाते आणि मागे चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅम सवडीने नियम तपासतो, त्यामुळे बॅजच्या कोडमध्ये बिघाड झाला तरी नोंद अडत नाही. विहीर, बॅज आणि कालावधी या तिन्हींचा संच डेटाबेसमध्ये एकमेव असावा असे बंधन घातले, आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतल्या ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ या सोयीमुळे तोच बॅज दुसऱ्यांदा द्यायला गेल्यास काहीच घडत नाही. वेळ साठवली जाते यूटीसीमध्येच, परंतु दिवस आणि आठवडा काढताना ती आधी भारतीय वेळेत बदलली जाते. शिवारात रेंज नसताना केलेली नोंद घरी आल्यावर चढते, म्हणून फोनवरची मोजणीची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही वेळा ठेवल्या. नियमाला आवृत्तीचा क्रमांक दिला, म्हणजे उद्या नियम बदलला तरी आजचा बॅज कोणत्या अटीवर मिळाला होता ते सांगता येते. जुन्या नोंदींवर नियम चालवायचे असतील तेव्हा संदेश पाठवणे पूर्ण बंद ठेवले जाते.

जुन्या बॅजचे काय करायचे, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. खोट्या नोंदींवर मिळालेले बॅज काढून घ्यावेत, असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. चुकीचा नियम आम्ही केला होता, आणि दिलेला मान परत मागणे गावात फार लागते. शेवटी ठरले ते असे, की जुने बॅज ‘पहिल्या वर्षाचे’ अशा शिक्क्यासह जिथे आहेत तिथेच राहतील, पण पुढे कोणाला मिळणार नाहीत. संशयित नोंदी पुसल्या नाहीत. त्यांवर खूण केली आणि विश्लेषणातून वगळल्या. ७.५० लिहिणाऱ्या मुलाने स्वतःच आपल्या एकोणीस नोंदींवर ती खूण करून दिली. काकांचा तुटलेला ‘बिनखाडा’ आम्ही योग्य तारखेसह त्यांच्या विहिरीला जोडला आणि तो का तुटला होता ते त्यांना समजावून सांगितले.

नव्या व्यवस्थेत एकूण नोंदी पहिल्या वर्षापेक्षा कमी आहेत. तसे होणारच होते. मात्र मोटार बंद असताना, सकाळी केलेल्या आणि दशांशापर्यंत विश्वास ठेवावा अशा नोंदींचे प्रमाण वाढले आहे, आणि ऑक्टोबर ते जानेवारीची पोकळी या वर्षी बऱ्याच विहिरींसाठी भरली आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. अनेक विहिरी भावकीत सामाईक आहेत. सातबाऱ्यावर हिस्से लिहिलेले असतात आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. अशा एका विहिरीवर ‘जोडमोजणी’साठी दोन्ही भावांनी मोजावे, असे आम्ही सुचवले, तर त्यांच्यात दोन वर्षांपासून बोलणे नव्हते आणि दुसऱ्याचा आकडा पाळीच्या वादात वापरला जाईल अशी भीती दोघांनाही होती. सध्या दुसरी मोजणी गावातल्या कोणत्याही व्यक्तीने केलेली चालते असा बदल केला आहे, आणि सामाईक विहिरीचे दैनंदिन आकडे सर्व हिस्सेदारांची संमती येईपर्यंत इतरांना दाखवले जात नाहीत. त्या विहिरीवर आता शाळेतल्या दोन मुली दर बाजाराच्या दिवशी मोजतात. दोघा भावांपैकी एकाची संमती आली आहे. दुसऱ्याच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.